एकाने झोपायचं, एकाने जागायचं

कोकोस (कीलिंग) बेटांवरून रॉड्रिग्जला जाताना वाटेत जमिनीचा ठिपकाही नाही. अंतर सुमारे २,००० सागरी मैल. नौका ३८ फुटी, एका डोलकाठीची. नौकेवर माणसं दोन, नवरा आणि मी. ऑगस्टचा दुसरा आठवडा आहे. मुळशीत घरच्या खाचरांत भात लागलेला आहे आणि आम्ही विषुववृत्ताच्या खाली, दक्षिण हिंदी महासागरात पश्चिमेकडे चाललो आहोत. रॉड्रिग्जनंतर मॉरिशस.

घरी सगळे वादळाबद्दल विचारतात. दोघांच्या नौकेवर त्याआधीचा प्रश्न झोपेचा असतो. नौका रात्रंदिवस चालते, तिला रस्त्याकडेला उभं करता येत नाही. म्हणजे चोवीस तासांत कोणी तरी एक जागं हवंच, आणि जो झोपेल त्याला निर्धास्त झोप लागायला हवी. आमचा सगळा दिनक्रम या एका गरजेभोवती बांधलेला आहे. रात्रीच्या तीन-तीन तासांच्या चार पाळ्या आहेत. ८ ते ११ त्याची, ११ ते २ माझी, २ ते ५ त्याची, ५ ते ८ माझी. घड्याळ आम्ही भारतीय वेळेवरच ठेवलं आहे.

पहाटे ४:४५

खांद्यावर हात पडतो. “अगं, पावणेपाच.” पंधरा मिनिटं आधी उठवायचं हे ठरलेलं. झोपेतून थेट सुकाणूपाशी आलेल्या माणसाला अंधारात धड दिसत नाही आणि सांगितलेलं नीट डोक्यात शिरत नाही. आलं घातलेला चहा झाकणाच्या मगमध्ये तयार असतो. लाइफजॅकेट चढवते. त्याला जोडलेल्या पट्ट्याचा हुक पायऱ्या चढून बाहेर येण्याआधीच कॉकपिटमधल्या कडीत अडकवते. अंधारात एकट्याने कॉकपिटच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, हा आमच्या नौकेवरचा पहिला नियम. रात्री एक जण पाण्यात पडला आणि दुसरा खाली झोपलेला असला, तर ते कळेपर्यंत नौका मैलभर पुढे गेलेली असेल.

पाळी सोपवताना तो रोज त्याच क्रमाने बोलतो. “दिशा दोनशे सत्तावन्न. वारा आग्नेयेचा, बावीस नॉट. मोठ्या शिडाला दोन रीफ, पुढचं अर्धं गुंडाळलेलं. जहाज एकही नाही. बॅटरी अडुसष्ट टक्के.” रीफ म्हणजे वारा वाढला की शीड लहान करायला घेतलेली घडी. मी तेच परत म्हणून दाखवते आणि वहीत लिहिते. तो खाली जाऊन नौका ज्या बाजूला कललेली आहे त्या उजव्या बाजूच्या फळीवर आडवा होतो, कडेचं कापड वर बांधून घेतो. हेलकाव्याने खाली पडू नये म्हणून ते कापड. काही मिनिटांत त्याचा श्वास बदललेला ऐकू येतो.

पहाटे ५ ते ७

दर पंधरा मिनिटांनी उठून क्षितिजावर पूर्ण एक फेरी नजर फिरवायची. ही पंधरा मिनिटं हिशोबाने आलेली आहेत. आमची नजर पाण्यापासून जेमतेम अडीच-तीन मीटर उंचीवर असते, आणि तिथून क्षितिज साडेतीन मैलांच्या आसपासच संपतं. मोठं मालवाहू जहाज उंच असल्यामुळे त्याच्या पलीकडूनही दिसतं, पण त्याचा वेग पंधरा ते वीस नॉट असतो. लाटांमधून त्याचा दिवा नजरेला आल्यापासून ते आपल्यापर्यंत पोहोचायला कधी कधी वीस मिनिटंही लागत नाहीत. जहाजांची ओळख, दिशा आणि वेग पडद्यावर दाखवणारी एआयएस यंत्रणा आमच्याकडे आहे, धोक्याचा भोंगाही आहे. तरी डोळ्यांची फेरी चुकवायची नाही. ती यंत्रणा नसलेल्या किंवा बंद ठेवलेल्या मासेमारी नौका याच समुद्रात असतात.

पूर्वेला मृग चांगला वर आलेला आहे, त्याच्या उजवीकडे खाली व्याध. सुकाणूवर माझा हात नाही. नौकेच्या मागच्या टोकाला बसवलेलं एक पातं वाऱ्याची दिशा धरून ठेवतं. नौका वळली की ते कलतं आणि दोरांनी सुकाणू ओढून तिला परत वाटेवर आणतं. त्याला वीज लागत नाही. दोघांच्या नौकेवर हे तिसरं माणूसच आहे. ते नसतं तर पाळीतला प्रत्येक क्षण सुकाणू धरण्यात गेला असता आणि पाहणं, स्वयंपाक, दुरुस्ती यातलं काहीच झालं नसतं.

सकाळी ७

आमच्या घड्याळात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. दक्षिण गोलार्धात आत्ता हिवाळा आहे, दिवस रात्रीपेक्षा लहान. उजेड झाला की हुक अडकवूनच नाळेपर्यंत जाऊन येते. रात्री येऊन पडलेले उडते मासे परत पाण्यात टाकायचे, मग दोर बघायचे.

मागून येणारा वारा आरामाचा वाटतो, पण त्यात नौका सतत डोलते. आग्नेय वाऱ्याच्या लाटा डाव्या बाजूने मागून येतात आणि दूर दक्षिणेच्या वादळी समुद्रातून नैऋत्येची लांब लाट त्यांना तिरपी छेदते. प्रत्येक हेलकाव्याला प्रत्येक दोर आपल्या कप्पीवर घासतो, आणि हे दिवसरात्र चालू असतं. वादळ क्वचित येतं, घासणं मात्र थांबत नाही. म्हणून रोज सकाळी शिडांचे दोर वीतभर सरकवून घ्यायचे, म्हणजे घासण्याची जागा बदलते. मोठ्या शिडाचा आडवा बांबू अचानक दुसऱ्या बाजूला फेकला जाऊ नये म्हणून तो नाळेकडे बांधून ठेवलेला असतो. त्या दोरावरून बोट फिरवून पाहते. डोलकाठीला धरणाऱ्या तारांची टोकं आणि त्यांच्या पिना दुर्बिणीतून वरपर्यंत पाहते. आज पुढच्या शिडाच्या दोरावर एका जागी धागे फुगलेले दिसले. आठ वाजता सांगायचं म्हणून वहीत नोंद केली.

सकाळी ८

तो उठतो आणि दोघं एकाच वेळी जागे असण्याचा पहिला तास सुरू होतो. चूल नौकेबरोबर झुलते, त्यामुळे भांडं सरळ राहतं. उभं राहणाऱ्याला मात्र कमरेचा पट्टा बांधून घ्यावा लागतो. आज नाचणीची धिरडी आणि लसणाची चटणी. भाज्यांत आता कांदा, बटाटा, भोपळा आणि कोबीचा शेवटचा गड्डा उरला आहे. हिरवं काही हवं म्हणून ओल्या कापडात मूग बांधलेले असतात. तीन दिवसांचे तीन पुडके, रोज एक तयार होतो. तांदूळ घरचा आंबेमोहोर. समुद्र खवळला की त्याचाच मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. एका हाताने वाडगा आणि दुसऱ्या हाताने कठडा धरून खाता येतो आणि पोटात राहतो.

खाता खाता मी दोराचं सांगते. तो टोकाकडून दोन हात दोर कापून टाकतो आणि गाठ नव्याने मारतो.

सकाळी ९:३०

उपग्रहावरून हवामानाची फाइल उतरवायची. नकाशावर वाऱ्याचे बाण आमच्याकडून वायव्येला, मग उत्तरेला जातात. सुमारे ३० अंश दक्षिणेला जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र आहे, मॅस्करीन बेटांच्या नावाने ओळखलं जाणारं. रॉड्रिग्ज, मॉरिशस आणि रियुनियन ही ती बेटं. त्या क्षेत्रातून निघणारा आग्नेय व्यापारी वारा आमचं शीड भरतो. तो पुढे विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ जोर धरतो आणि अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारा होऊन सह्याद्रीवर धडकतो. ताम्हिणी घाटात अनेक वर्षी सहा हजार मिलिमीटरांच्या पुढे जाणारा पाऊस याच प्रवाहातून येतो. पुण्यात पाषाणला असलेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ मोसमी पावसाचा अभ्यास करताना म्हणूनच इतक्या दक्षिणेकडचा दाबही पाहतात.

मुळशीत आम्ही या वाऱ्याचा शेवट पाहत होतो, इथे त्याची सुरुवात पाहतो आहोत. नवऱ्याचं गाव मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडचं. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी मुळशीच्या शेतकऱ्यांबरोबर ज्या जमिनींसाठी सत्याग्रह केला, त्यांतच याच्या आजोबांची खाचरं होती. ती पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करतं आहे. पुढच्या पिढ्यांना बाजाराला, शाळेला जायला होडी लागली. वल्हं मारायला हा तिथे शिकला. शीड हाताळायला आम्ही दोघं पुढे मुंबईत, गेटवेसमोरच्या पाण्यात शिकलो.

सासूबाईंचा दोन ओळींचा निरोप आलेला आहे. बेणणी उरकत आली, पाऊस थांबत नाही. आमचं ठिकाण आणि दोघं ठीक असल्याचं आम्ही उलट कळवतो. हा निरोप रोज एकाच वेळी जातो. तो चुकला तर किती तास थांबायचं आणि मग कोणाला कळवायचं, हे लिहिलेला कागद घरी देव्हाऱ्याशेजारी लावून ठेवला आहे.

सकाळी ११

हा वेळ दुरुस्तीचा. रोज एक यंत्र उघडायचं, ते बिघडलेलं नसलं तरी. आज विंच. दोर ताणायचं हे पितळी पिंप खाऱ्या पाण्याने आणि मिठाने जड फिरतं. तो त्याचे दात, चक्रं, स्प्रिंगा काढून परातीत मांडतो, पुसतो, ग्रीस लावतो. एक स्प्रिंग समुद्रात उडाली तर नवी मॉरिशसपर्यंत मिळणार नाही, म्हणून सगळीकडून कापडाचा आडोसा. मी पहारा आणि हत्यारं, दोन्ही सांभाळते. गेल्या आठवड्यात हेच काम मी केलं होतं आणि तो हत्यारं देत होता. दोघांच्या नौकेवर एकालाच येणारं काम धोक्याचं असतं. इंजिन सुरू करणं, शीड उतरवणं, रेडिओवर मदत मागणं, जखम शिवणं, यातलं प्रत्येक काम दोघांनाही एकट्याने करता आलंच पाहिजे. निघण्याआधी अनेक महिने आम्ही फक्त एवढंच शिकत होतो.

दुपारी १२:४१

सेक्स्टंट घेऊन मी डोलकाठीला टेकून बसते. सूर्य उत्तरेला आहे. मुळशीत वाढलेल्या माणसाला दुपारचा सूर्य उत्तरेकडे इतका कललेला पाहायची सवय लागायला वेळ लागतो. आरशातून सूर्याचं बिंब खाली आणून क्षितिजाला टेकवायचं आणि ते वर चढायचं थांबलं की कोन वाचायचा. ५७ अंश आणि काही मिनिटं. पंचांगातल्या सूर्याच्या क्रांतीशी मेळ घातला की अक्षांश मिळतो, सुमारे १७ अंश २४ मिनिटं दक्षिण. जीपीएसशी फरक दोन मैलांचा. वीज कोसळून सगळी यंत्रं एकदम बंद पडली, तर या एका सवयीवर बेट शोधता येईल. म्हणून रोज.

आजची दुपार आमच्यासाठी खास आहे. रेखांश ७३ अंश ३० मिनिटं पूर्व, म्हणजे मुळशीचाच. घर बरोबर उत्तरेला आहे. एकाच रेखांशावर असल्यामुळे तिथेही मध्यान्ह याच क्षणी होते. तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, ढगांच्या वर. दोन अक्षांशांची बेरीज ३६ अंशांना जराशी कमी. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा घर सुमारे २,१५० मैलांवर, जवळजवळ ४,००० किलोमीटर. वहीत अंतराच्या रकान्यात कालच्या दुपारपासून १४६ मैल. रॉड्रिग्ज अजून ५९० मैल.

दुपारी १:३०

भात, मुगाची उसळ, लिंबाचं लोणचं. मग माझी झोप. दुपारी झोप येत नाही, तरी डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं व्हायचं. पाळीत मिळणारी झोप तुकड्यातुकड्यांची असते. तिची बेरीज सात तासांच्या खाली गेली की दोन-तीन दिवसांत हिशोब चुकायला लागतात, माणूस चिडतो, गाठ उलटी पडते. आमच्या वहीत वारा आणि वेगाच्या शेजारी प्रत्येकाच्या झोपेचाही रकाना आहे. काल माझा सहावर आला होता, म्हणून आज दुपारचे अडीच तास माझे.

फळीवर पडलं की पाण्याचा आवाज कानापासून हातभर अंतरावर येतो. वर त्याची पावलं, विंचची कटकट. काय चाललंय हे बघायला उठायचं नाही, तो बोलावेल तेव्हाच उठायचं. शिडं सांभाळण्यापेक्षा हे शिकायला मला जास्त कष्ट पडले.

संध्याकाळी ४:३०

समुद्राच्या पाण्याने आंघोळ आणि शेवटी दोन तांबे गोडं पाणी. पिण्या-रांधण्याचं पाणी मोजून दिलेलं असतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा पंप आहे, पण तो बंद पडला तरी किनारा गाठता येईल इतका साठा टाकीत कायम ठेवायचा.

पुढचे दीड तास दिवसातले सगळ्यात मोकळे. लग्नाला इतकी वर्षं झाली, चोवीस तास ३८ फुटांत राहतो, आणि तरी एकमेकांशी निवांत बोलायला मिळतात ते हेच. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. आज ‘तारिणी’चा विषय निघाला. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या या ५६ फुटी नौकेवर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. २०२४च्या फेब्रुवारीअखेर गोव्याहून निघाल्या आणि मार्चमध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईला पोहोचल्या. नौकेवर दोघीच. ती त्यांची तयारी होती. २ ऑक्टोबर २०२४ला त्या पुन्हा निघाल्या, केप हॉर्नला वळसा घातला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ला गोव्यात परतल्या. त्याआधी कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये ‘म्हादेई’वरून एकट्याने प्रदक्षिणा केली, ती करणारे ते पहिले भारतीय. दक्षिणेच्या थंड समुद्रात आठ महिने दोघींनी पाळ्या कशा लावल्या असतील, याचा विचार आम्ही फार आदराने करतो. आमचा वारा उबदार आहे आणि बेट चार दिवसांवर.

मॉरिशसला पोहोचल्यावर गणेशोत्सव जवळ आलेला असेल. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज तो सण करतात. त्या लोकांनी हाच महासागर जहाजाच्या पोटात बसून ओलांडला. कधी, कुठे पोहोचणार हे त्यांच्या हातात नव्हतं. पोर्ट लुईला ते जिथे उतरले, त्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर जायचं आम्ही घरून निघतानाच ठरवलं होतं.

संध्याकाळी ६

सूर्य मावळायला पंचवीस मिनिटं. आत्ता बावीस नॉटच आहेत, नौका छान पळते आहे. त्याला आहे तेवढंच शीड ठेवायचं आहे. मला पुढचं आणखी थोडं गुंडाळायचं आहे, कारण पूर्वेला ढगांचे बुंधे काळे दिसतात. वाद होत नाही. ज्याला कमी शीड हवं त्याचं ऐकायचं, कारण विचारायचं नाही, हा आमचा दुसरा नियम. तो दोर सैल सोडतो, मी ओढून गुंडाळते. वेग अर्धा नॉट उतरतो. रात्रभरात पाच-सहा मैलांचं नुकसान, आणि त्या बदल्यात दोघांना झोप.

खिचडी, पापड. नाळेवरचे आणि डोलकाठीवरचे दिवे लावून पाहतो. शिट्टी, टॉर्च, आणि संकटात उपग्रहाला ठिकाण कळवणारा बीकन, सगळं जागेवर आहे.

रात्री ८

त्याची पाळी सुरू होते, मी खाली जाते. तीन तास.

रात्री ११

माझी पाळी. वृश्चिक पश्चिमेकडे झुकला आहे. भात निसवल्यावर आमच्याकडे रात्री रानडुकरांपासून खाचर राखायला माळ्यावर जोडीने जातात. एक जण पत्र्याचा डबा वाजवतो, दुसरा तासभर पाठ टेकतो, मग बदल. पाळीवर बसले की मला ती राखण आठवते. तिथेही झोपणाऱ्याचा भरवसा जागणाऱ्याच्या कानांवर असतो.

बारा वीसला एआयएसवर एक मालवाहू जहाज येतं. मलाक्काकडून आफ्रिकेच्या टोकाकडे जाणारी जहाजं ही वाट घेतात. पडद्यावर सर्वांत जवळचं अंतर पाऊण मैल दिसतं. रात्री हे मला पुरत नाही. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६वर नाव घेऊन हाक मारते, आम्ही शिडावर आहोत आणि वळायला वाव कमी आहे असं सांगते. पलीकडचा अधिकारी लगेच उत्तर देतो आणि दहा अंश वळतो. अंतर दोन मैलांवर जातं. त्याचे दिवे मागे जाईपर्यंत मी बसत नाही.

एक वाजता रडारवर मागून पावसाचा पट्टा सरकतो. वारा सव्वीस, अठ्ठावीस. आता त्याला उठवायचं की आणखी थोडं थांबायचं? याचाही नियम आहे. मनात हा प्रश्न उठला की उठवायचं. दमलेला जोडीदार तासाभराने झोप भरून काढतो, फाटलेलं शीड समुद्रात भरून निघत नाही. सप्टेंबर २०१८मध्ये याच महासागरात, आमच्याहून बऱ्याच दक्षिणेला, एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत अभिलाष टोमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत झालेल्या टोमींना एका फ्रेंच जहाजाने वाचवलं आणि ॲमस्टरडॅम बेटावर नेलं. पुढच्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि २०२३मध्ये दुसरे आले. त्यांच्यासारख्या कसलेल्या नाविकावरही तो दिवस आला होता, हे आम्ही विसरत नाही.

“अरे, ऊठ. तिसरा रीफ घेऊ.” तो जॅकेट घालून वर येतो, हुक अडकवतो. मी नौका थोडी वाऱ्याकडे वळवते, तो डोलकाठीपाशी शीड उतरवून कडी अडकवतो, मी दोर ताणते. कपाळावरच्या लाल दिव्यांच्या उजेडात सगळं हातवाऱ्यांनीच. पट्टा येतो तेव्हा वारा तेहेतीसला जातो, पाऊस आडवा लागतो, नौका मात्र सरळ चालत राहते. पाऊण तास त्याच्या झोपेतून गेला, म्हणून माझी पाळी पावणेतीनपर्यंत लांबवते आणि तो परत खाली जातो.

पहाटे २:४५

वही भरते. वारा पुन्हा बाविसावर, वेग साडेपाच. रॉड्रिग्जभोवतीचं खाजण बेटापेक्षा मोठं आहे आणि पोर्ट मॅथुरिनला जायची वाट प्रवाळातून जाते. तिथे उजेडातच शिरायचं. सरासरी सहा नॉट राहिली तर चौथ्या दिवशी दुपारी पोहोचू. साडेपाचच राहिली तर मध्यरात्र होईल, आणि मग किनाऱ्यापासून दूर शिडं कमी करून सकाळपर्यंत थांबावं लागेल. थांबायचं झालं तरी पाळ्या याच राहतील. हे सगळं त्याला त्याच क्रमाने सांगते, तो परत म्हणून दाखवतो, आणि मी झोपायला जाते.